प्रार्थनेच्या यादीत न येणारी दुखणी

रविवारच्या उपासनेत पाळक प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात, तेव्हा पुढे येणारी यादी मराठी मंडळ्यांत बहुतेक सारखीच असते. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाच्या मुलीचे बाळंतपण, कुणाच्या छातीत उठणारी कळ, कुणाची महिनोन्‌महिने उडालेली झोप. ‘मला सारखी भीती वाटते’ किंवा ‘हे गेल्यापासून जगण्यात रस उरला नाही’ अशी विनंती क्वचितच ऐकू येते. गुडघ्यासाठी प्रार्थना मागताना कुणाला संकोच वाटत नाही. मनासाठी मागायची, तर आपला विश्वास कमी पडला अशी चारचौघांत कबुली दिल्यासारखे होते. मग जे तोंडाने सांगता येत नाही, ते पाठ, पोट, डोके आणि छाती सांगू लागतात.

ही दुखणी खरी असतात. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, नुसतं टेन्शन आहे’ असे दवाखान्यात ऐकून घरी परतणाऱ्या बाईचे डोके त्या वाक्याने दुखायचे थांबत नाही. उलट तिच्यावर दुहेरी ओझे येते. डॉक्टरांना आजार सापडत नाही आणि मंडळीत कुणी म्हणते, ‘प्रभूवर टाका, चिंता करणं हा अविश्वास आहे.’

गोव्यात याचा नीट अभ्यास झालेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उभी केलेली ‘संगाथ’ ही संस्था तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांबरोबर अनेक वर्षे काम करते आहे. अंगावर पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका तिथे पुष्कळ. हा जंतुसंसर्गच, असे धरून औषधे देण्याची सर्रास पद्धत होती. पटेल यांच्या चमूने या बायकांची तपासणीही केली आणि त्यांच्याशी घरसंसाराबद्दल सविस्तर बोलणेही केले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दिसले, की या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि घरातल्या ताणांशी अधिक ठळक आहे. थकवा, अंगदुखी, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या यांचेही तसेच. आपल्याकडचा नैराश्याचा रुग्ण डॉक्टरांपुढे ‘मी खिन्न आहे’ असे सांगत येत नाही. तो ‘अंगात त्राण नाही’ म्हणत येतो.

असे का होते, हे समजून घेतले की निम्मी भीती कमी होते. मेंदूला धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलिन रक्तात येते. हृदय वेगाने चालते, श्वास उथळ होतो, खांदे आणि जबडा ताठतात, पचन मंदावते. समोर साप असेल तर ही सोय जीव वाचवते आणि साप गेला की शरीर पूर्ववत होते. पण मुलाची नोकरी गेली, घरात दारू आली, सासूबाईंचे बोलणे रोजचेच झाले, कर्जाचा हप्ता थकला, तर धोका जातच नाही. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके दिवसेंदिवस चढी राहतात. त्यातून झोप तुटते, रक्तदाब आणि साखर वाढते, मानेचे स्नायू कायमचे आखडतात. पोटातल्या मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे मेंदूशी सतत जोडलेले असते, म्हणून परीक्षेच्या दिवशी पोट बिघडते. मनावरचा घाव हृदयालाही लागतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ‘टाकोत्सुबो’ हा हृदयविकार नोंदवला. जिवलग माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा खालचा भाग फुग्यासारखा फुगतो. लक्षणे थेट हार्टअटॅकची, पण रक्तवाहिनीत अडथळा सापडत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत तो जास्त दिसतो आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत सावरतात.

म्हणून सर्वांत आधीची सूचना अगदी साधी: दुखणे मनातून आले असेल असे वाटले तरी आधी डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि रक्तदाब यांच्या तपासण्या कोणत्याही तालुक्याच्या गावी होतात. थायरॉइड मंदावले तरी माणूस उदास आणि थकलेला राहतो. रक्त कमी असले तरी छाती धडधडते. अशा वेळी महिनोन्‌महिने केवळ समुपदेशन करणे हा अन्यायच. छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असेल तर हा पॅनिक अटॅक आहे की हृदयविकार, हे घरी ठरवत बसू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजी काढावा.

तपासण्या ठीक आल्या, की मात्र दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या डॉक्टरकडे नवे स्कॅन करत हिंडू नये. तिथे दुसरा प्रश्न विचारायचा: हे सुरू झाले तेव्हा घरात काय चालले होते?

हा प्रश्न विचारायला ख्रिस्ती माणसाने बिचकण्याचे कारणच नाही, कारण पवित्र शास्त्र शरीराबद्दल कमालीचे मोकळेपणाने बोलते. स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. सहाव्या स्तोत्रात रडून रडून अंथरूण भिजते. बाविसाव्यात हाडे निखळल्यासारखी होतात, हृदय मेणासारखे वितळते, जीभ टाळूला चिकटते. अडतिसाव्यात कंबर जळते आणि छाती धडधडते. एकशेदोनाव्यात माणूस जेवायचे विसरतो, हाडांना कातडी चिकटते आणि रात्रभर तो छपरावरच्या एकट्या पाखरासारखा जागा राहतो. भूक, झोप, धडधड, अंगदुखी, कोरडे तोंड ही लक्षणे आजचे मनोविकारतज्ज्ञही पहिल्या भेटीत विचारतात. आणि ही स्तोत्रे विश्वास सोडलेल्या माणसांची नाहीत. ती उपासनेसाठी जपली गेली, पिढ्यान्‌पिढ्या मंदिरात आणि चर्चमध्ये म्हटली गेली.

हन्नाची गोष्ट इथे सावकाश वाचण्यासारखी आहे. मूल नाही म्हणून सवत दरवर्षी शिलोच्या सणात तिला टोचून बोलते. हन्ना रडते आणि जेवत नाही. नवरा प्रेमळ आहे, पण त्याची समजूत शेवटी स्वतःपाशीच येऊन थांबते: मी असताना तुला मुलगे कशाला हवेत? हन्ना उठून मंदिरात जाते. एली याजक दाराच्या खांबापाशी बसलेला. त्याला दिसतात फक्त तिचे हलणारे ओठ, आवाज नाही. तो निष्कर्ष काढतो की बाई प्यायलेली आहे आणि तिला दटावतो. हन्ना गप्प बसत नाही. ती सांगते, मी प्यायलेली नाही, मी दुःखाने गांजलेली आहे, इतका वेळ त्या दुःखातूनच बोलत होते. एलीचे मोठेपण असे, की तो तिथल्या तिथे आपले मत बदलतो आणि तिला आशीर्वाद देतो. मग ती जाऊन जेवते आणि तिचा चेहरा बदलतो. तोवर शमुवेलचा पत्ताही नाही. परिस्थिती सकाळी होती तशीच आहे. बदलले एवढेच, की तिने देवापुढे मन रिते केले आणि एका माणसाने ते ऐकून घेतले. भूक परत यायला तेवढे पुरले. मंडळीतल्या प्रत्येक पाळकाने, वडिलाने आणि भगिनी मंडळाच्या प्रमुख बाईंनी हा अध्याय स्वतःला एलीच्या जागी ठेवून वाचावा. समोरच्या माणसाच्या शरीरावर जे दिसते, त्याचा अर्थ पहिल्या नजरेत चुकू शकतो.

दुसरी गोष्ट एलीयाची. कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झालेला आहे. पण ईजबेलची एक धमकी येते आणि तो जीव घेऊन पळतो. बैर-शेबापलीकडच्या रानात रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो. तो प्रवचन करत नाही. कालच एवढा चमत्कार पाहिलास आणि आज असा खचलास, असे विचारत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट झेपणारी नाही. मग चालणे, होरेबपर्यंत. तिथे देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया आपली कैफियत मांडतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तो तीच कैफियत शब्दन्‌शब्द पुन्हा मांडतो आणि देव दोन्ही वेळा ऐकतो. शेवटी त्याला काम मिळते आणि अलीशासारखा सोबती मिळतो. झोप, अन्न, स्पर्श, चालणे, बोलणे, सोबत हा क्रम ध्यानात ठेवावा. आपल्याकडे बऱ्याचदा तो उलटा होतो. खचलेल्या माणसाला आधी उपदेश मिळतो, मग उपासप्रार्थनेचा सल्ला मिळतो; तो जेवला का, झोपला का, हे कुणी विचारलेले नसते.

गेथशेमानेत तर स्वतः येशू आहे. मार्काच्या शुभवर्तमानात तो पेत्र, याकोब आणि योहान यांना उघड शब्दांत सांगतो, की माझा जीव मरणप्राय कष्टी झाला आहे, इथे थांबा. परंपरेने वैद्य मानला गेलेला लूक लिहितो, की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. काही प्राचीन हस्तलिखितांत ही ओळ नाही, पण चर्चने ती शतकानुशतके वाचली आहे. लूकच आणखी एक बारीक गोष्ट टिपतो, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शिष्य झोपलेले आढळले, ते दुःखामुळे. दिवसभर लोळणाऱ्या, उपासनेत पेंगणाऱ्या, सकाळी अंथरुणातून निघवत नसलेल्या तरुणाला घरात आळशी म्हटले जाते. अतिझोप हे नैराश्याचे ओळखीचे लक्षण आहे. झोप उडणे जेवढे गंभीर, तेवढेच हेही.

आता कठीण भागाकडे यायला हवे. शरीराचा त्रास आणि पाप यांची सांगड. बत्तिसाव्या स्तोत्रात लिहिणारा सांगतो, की तो गप्प राहिला तोवर त्याची हाडे झिजली आणि उन्हाळ्यात ओल आटावी तसे त्याचे त्राण गेले. कबुली दिल्यावर त्याला सुटका मिळाली. हा अनुभव खरा आहे. लपवलेली अफरातफर, लपवलेले नाते, भावाला फसवून नावावर करून घेतलेली जमीन शरीराला छळते. अशा माणसाने कबुली द्यावी. कॅथलिकांना त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे आणि याकोबाचे पत्र तर सर्वांनाच एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगते. पण यावरून उलटा नियम काढणे मोठी चूक ठरते. दुखते आहे म्हणजे काहीतरी पाप दडलेले असणार, हे ईयोबाच्या मित्रांचे तर्कशास्त्र आहे आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. जन्मांधाला पाहून कोणाचे पाप, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. मंडळीत कुणाच्या आजारामागचे पाप शोधायला बसणाऱ्यांनी योहानाचा नववा अध्याय पुन्हा वाचावा.

अपराधीपणाच आजार होतो, हेही ध्यानात असू द्यावे. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा या गावी इग्नेशियस लोयोला हाच छळ भोगत होता. जुनी पापे पुन्हापुन्हा कबूल करूनही त्याला वाटे, काहीतरी राहिले. जीव द्यावा इतके टोकाचे विचार येऊ लागले. सुटका होईपर्यंत जेवायचे नाही म्हणून त्याने आठवडाभर उपास केला. त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्याला काय सांगितले? उपास सोड. पुढे येशूसंघ स्थापणाऱ्या या संताने आपल्या आठवणींत हे सारे न लपवता सांगितले आहे. मराठी वाचकाला इथे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आठवेल. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असे घर केले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालेना. धर्म वेगळे, पण यातना एकाच कुळीची. तेच पाप दहादा कबूल करून, तीच प्रार्थना शंभरदा म्हणून, हात पुन्हापुन्हा धुऊनही मन निवत नसेल तर तो भक्तीचा अतिरेक समजू नये. हा उपचार होऊ शकणारा आजार आहे आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे.

मोठ्या सेवकांनाही हे चुकले नाही. लंडनचा प्रख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन २२ वर्षांचा होता, तेव्हाची गोष्ट. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्सच्या सभागृहात हजारोंच्या गर्दीपुढे तो बोलत असताना कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. चेंगराचेंगरीत ७ जण मेले. स्पर्जनला तिथून उचलून न्यावे लागले आणि काही आठवडे तो व्यासपीठावर उभा राहू शकला नाही. नैराश्याने त्याला आयुष्यभर सोडले नाही; पुढे संधिवाताच्या वेदनांची भर पडली. त्याने ते झाकले नाही. पाळकीचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्याने सेवकाच्या खचण्यावर एक अख्खे व्याख्यान दिले आणि त्यात शरीराची प्रकृती, एका जागी बसून राहणे, कोंदट खोली आणि विश्रांतीचा अभाव ही कारणे सरळ मोजून दाखवली. हिवाळ्यात तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर मांतों येथे विश्रांतीला जाई. एकोणिसाव्या शतकातला उपदेशक मोकळी हवा आणि सुट्टी यांना अध्यात्माविरुद्ध मानत नव्हता. आपल्या मंडळ्यांनीही आपल्या पाळकांना सक्तीने रजा द्यावी.

घरच्या घरी करायच्या गोष्टी आता पाहू. पहिली म्हणजे वही. दोन आठवडे रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायच्या: काय दुखले, किती वाजता, त्याआधी काय घडले होते. ‘शनिवार, संध्याकाळी सात, मान आखडली. साडेसहाला जाऊबाईंचा फोन.’ ‘मंगळवार पहाटे, पोटात गोळा. आज फीचा शेवटचा दिवस.’ एवढेच. सल्ला नको, निष्कर्ष नको. दोन आठवड्यांनी पाने उलटली की कुठल्या दुखण्याला कुठला प्रसंग लागून येतो, ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच दिसते. ही वही डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते.

त्या वहीवरून प्रार्थना करावी. आपल्या प्रार्थनांत उपकारस्तुती भरपूर असते आणि विलाप जवळजवळ नसतो. स्तोत्रकाराचा मार्ग असा: देवाला हाक मारायची, काय चालले आहे ते शरीरासकट सांगायचे, मग मागायचे. शेवटी विश्वासाचे वाक्य आले तर आले. ओढूनताणून आणू नये. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काळोखातच संपते आणि तरीही ते शास्त्रात आहे. मोठ्याने रडणे मराठी मंडळीला परके नाही. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात मुली तासन्‌तास रडून, आवाज चढवून प्रार्थना करत होत्या. डोळे कोरडे ठेवण्याची सभ्यता नंतर कुठून तरी आली.

छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले, तर पाय जमिनीवर टेकवून बसावे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून लांब सोडावा: घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. पाच मिनिटे पुरतात. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. श्वासाकडे लक्ष देणे म्हणजे दुसऱ्या धर्माची साधना होईल का, ही शंका अनेकांना सतावते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणण्याची रीत कित्येक शतकांची आहे. श्वास घेताना येशूचे नाव, सोडताना दयेची याचना. ज्याला अंक मोजायला आवडत नाहीत, त्याने हे करावे.

नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की उठेन, बरं वाटलं की चर्चला येईन. गोव्यात ‘संगाथ’ने नेमके उलटे करून पाहिले. साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहा ते आठ भेटींचा उपचार करवला. त्याचा गाभा असा, की मन लागण्याची वाट न पाहता रोज एखादे छोटे, ठरवलेले काम करायचे आणि त्याने काय बदलते ते पाहायचे. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांनाही याचा स्पष्ट फायदा झाला आणि ते निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. घरातल्यांनी यातून हे घ्यावे: ‘आनंदी राहा’ असे सांगण्यापेक्षा ‘चल, कोपऱ्यावरून भाजी आणू’ म्हणणे जास्त कामाचे.

पुरुषांचा त्रास बऱ्याचदा वेगळ्या वेशात येतो. चिडचिड, हात उगारणे, अ‍ॅसिडिटी आणि संध्याकाळची बाटली. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’सारख्या संस्थांनी व्यसनाकडे आजार म्हणून पाहायला शिकवले. प्यायला बसणाऱ्या माणसाला शरमेने सरळ करता येत नाही. त्याच्या दारूमागे झोप न येणारी रात्र आहे का, हे आधी पाहावे.

औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण इथे जीव जातात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिक. त्या आठ दिवसांत बंद करून ‘काही उपयोग नाही’ म्हणू नये. आरोग्यसभेत प्रार्थना झाली आणि बरे वाटले, तरी त्या रात्रीपासून गोळ्या फेकू नयेत. नैराश्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी येते; फेफऱ्याच्या थांबवल्या तर झटके येऊ शकतात. बरे झाले असाल तर डॉक्टरच मात्रा हळूहळू उतरवतील आणि देवाच्या करणीला त्याने बाधा येत नाही. लेंतात किंवा उपासप्रार्थनेत मधुमेहींनी आणि लिथियम घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. पाणी कमी पडले की लिथियमचे रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. अशा माणसाला उपासातून सूट देणे हे पाळकाचे काम आहे. त्याने स्वतःहून मागण्याची वाट पाहू नये. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. तीमथ्याची श्रद्धा कमी आहे, असे तो म्हणाला नाही.

मिरजेच्या वानलेस रुग्णालयाची सुरुवात १८९४ मध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची १९०० मध्ये झाली. शरीराच्या आजाराला औषध देणे ही ख्रिस्ती सेवा आहे, हे आपल्या चर्चने शंभर वर्षांहून अधिक काळ कृतीने सांगितले. मेंदू हा शरीराचाच अवयव आहे. त्याच्या आजारापाशी आल्यावर औषधाची लाज कशासाठी?

मंडळीने पाळायचे एक पथ्य फार महत्त्वाचे. कुणी मन मोकळे केले, तर ते प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये. ‘अमुक ताईंच्या मानसिक अवस्थेसाठी प्रार्थना करा’ असा संदेश सहा गावांत फिरतो आणि त्या ताई पुन्हा कुणाजवळ तोंड उघडत नाहीत. सासरच्या मारहाणीबद्दल सांगणाऱ्या बाईला तर हे जिवावर बेतू शकते. जेवढे सांगितले, तेवढे दोघांत ठेवावे. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तेव्हा.

त्या धोक्याबद्दल सरळ विचारावे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने मनात नसलेला विचार घुसत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. उत्तर हो आले तर माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशक, गोळ्या, दोर त्याच्या हाताला लागू देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ज्या घरात आत्महत्या घडून गेली आहे, तिथे आत्म्याच्या नाशाची भाषा बोलू नये. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तीव्र मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी कमी होते असे म्हटले आहे आणि अशा व्यक्तींच्या तारणाची आशा सोडू नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरले आहे आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. प्रत्येक चर्चने हा क्रमांक आपल्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लावावा, पाळकांनी तो व्यासपीठावरून वाचून दाखवावा आणि मंडळीच्या मदतनिधीतून एखाद्याच्या मनोविकारतज्ज्ञाची फी आणि गावापासून दवाखान्यापर्यंतचे एसटीचे भाडे देण्याची तरतूद याच वर्षीच्या अंदाजपत्रकात करावी.